बीट पिढी आणि प्रतिसंस्कृती : प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत उदयाला आलेल्या ज्या साहित्यिक चळवळीला ‘बीट पिढी’ हे नाव पडले, तिच्याविषयी मराठीत जे लिहिले-बोलले जाते ते बहुधा तिच्या राहणीविषयी असते : मोटारींतून केलेली भटकंती, गांजा आणि इतर मादक द्रव्ये, मोकळे लैंगिक संबंध, झेन बौद्धमताची ओढ आणि अखेरीस वाराणसीचे घाट. यातले काहीच खोटे नाही. मात्र कलेसाठी प्रतिष्ठित मध्यमवर्गीय आयुष्य झुगारून गरिबी पत्करणाऱ्या कलावंतांची, म्हणजे ज्यांना ‘बोहेमियन’ म्हणतात त्यांची, अशी राहणी पॅरिसच्या लॅटिन क्वार्टरमध्ये एकोणिसाव्या शतकापासून आणि न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये पहिल्या महायुद्धाच्या आधीपासून चालत आलेली होती, आणि तिने फार तर एखाद्या वस्तीचे वळण बदलले होते. बीट लेखक याच परंपरेचे वारस असताना त्यांच्या बंडाचे पडसाद दहा वर्षांच्या आत लाखो तरुणांच्या वागण्यात उमटले. याचे कारण त्यांच्या व्यसनांत किंवा प्रवासांत शोधण्यापेक्षा त्यांचे लेखन वाचकांपर्यंत ज्या वाटांनी पोहोचले त्या वाटांत शोधावे, ही प्रस्तुत पुस्तकामागची भूमिका आहे. लोकांसमोर मोठ्याने वाचलेली कविता, खिशात मावणारे स्वस्त पुस्तक, ते विकणारे दुकान आणि ते जप्त करणारे सरकार, या चौघांनी मिळून मित्रांच्या एका टोळक्याची चळवळ केली.

हे टोळके जमले ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या परिसरात, १९४४ च्या सुमारास, युद्ध अजून चालू असताना. लोवेल या मॅसॅच्युसेट्समधील गिरणगावात फ्रेंच-कॅनेडियन कुटुंबात जन्मलेला आणि घरी फ्रेंच बोलत वाढलेला जॅक केरुआक, न्यू जर्सीतील शाळामास्तर-कवीचा मुलगा ॲलन गिन्सबर्ग आणि वयाने या दोघांहून मोठा, हार्वर्डमधून शिकून आलेला विल्यम बरोज यांची ओळख ल्युसियन कार या सहाध्यायी मित्रामुळे झाली. टाइम्स स्क्वेअरवर भुरट्या चोऱ्या करून पोट भरणाऱ्या हर्बर्ट हंकीच्या तोंडून त्यांनी ‘बीट’ हा रस्त्यावरचा शब्द उचलला, ज्याचा अर्थ पुरता थकलेला, नागवला गेलेला असा होता. धन्यतेकडे झुकणारा आध्यात्मिक अर्थ केरुआकने त्याला मागाहून चिकटवला. ‘बीट पिढी’ हा शब्दप्रयोग त्याने १९४८ मध्ये जॉन क्लेलन होम्स या मित्राशी बोलताना केला आणि होम्सने १९५२ च्या नोव्हेंबरात ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या साप्ताहिक पुरवणीत लेख लिहून तो देशभर नेला. पिढीच्या नावाची द्वाही अशी वृत्तपत्रातून फिरली तेव्हा तिच्या प्रमुख लेखकांपैकी एकट्या केरुआकच्या नावावर एक पारंपरिक धाटणीची कादंबरी जमा होती; गिन्सबर्गचे एकही पुस्तक तोवर निघालेले नव्हते.

ज्या समाजाविरुद्ध हे लेखक उभे राहिले तो दरिद्री किंवा ढासळता नव्हता, हे ध्यानात घेतले नाही तर त्यांचे बंड अनाकलनीय वाटते. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना १९४४ च्या कायद्यामुळे शिक्षणाचा खर्च आणि घरासाठी हमीचे कर्ज मिळाले, लाँग आयलंडवरील लेव्हिटटाऊनसारख्या वसाहतींत एकाच साच्यातली हजारो घरे उभी राहिली, आणि तिथे काळ्या कुटुंबांना घर न देण्याची अट करारातच लिहिलेली होती. या सुबत्तेला भीतीचे अस्तर होते. हिरोशिमानंतर अणुयुद्धाची शक्यता शाळेतल्या मुलांनाही शिकवली जात होती, सिनेटर जोसेफ मॅकार्थीच्या काळात साम्यवादी असल्याच्या नुसत्या संशयाने माणसे नोकरीला मुकत होती, आणि १९५३ च्या अध्यक्षीय आदेशाने ‘लैंगिक विकृती’ हे सरकारी सेवेतून दूर ठेवण्याचे अधिकृत कारण ठरले होते. गिन्सबर्ग समलिंगी होता आणि त्याची आई नेओमी साम्यवादी विचारांची असून तिच्या आयुष्याचा मोठा भाग मनोरुग्णालयांत गेला. म्हणजे त्या काळाने ज्या ज्या गोष्टी झाकून ठेवायला सांगितल्या होत्या त्या सगळ्या त्याच्या घरातच होत्या. ‘हाउल’ या दीर्घकवितेत खाजगी दुःख आणि सार्वजनिक संताप यांच्यात सीमारेषा आखता येत नाही, त्याचे मूळ इथे आहे.

बीट लेखनाच्या तंत्राविषयी एक दंतकथा फार घट्ट रुजलेली आहे, आणि ती मुख्यतः केरुआकनेच पसरवली. १९५१ च्या एप्रिलमध्ये त्याने पातळ कागदांचे लांब तुकडे एकमेकांना चिकटवून सुमारे १२० फुटांची एक गुंडाळी तयार केली आणि ती टंकयंत्रात घालून, कागद बदलण्यासाठीही न थांबता, तीन आठवड्यांत ‘ऑन द रोड’ उतरवली. यावरून असा समज झाला की ही कादंबरी एका झटक्यात, दुरुस्तीविना अवतरली. वास्तविक १९४८ पासून तो या विषयाभोवती घोटाळत होता, वह्या भरत होता, वेगवेगळ्या सुरुवाती करून सोडून देत होता. गुंडाळीनंतरही सहा वर्षे प्रकाशकांचे नकार, पुनर्लेखने आणि काटछाट चालू राहिली, अब्रुनुकसानीच्या भीतीने खऱ्या व्यक्तींची नावे बदलली गेली, आणि ५ सप्टेंबर १९५७ रोजी व्हायकिंगने जे पुस्तक बाजारात आणले त्यात परिच्छेदही होते आणि संपादकांचे हातही. मूळ गुंडाळीचा पाठ छापला गेला तो २००७ मध्ये. दंतकथा बाजूला सारली तरी केरुआकचे श्रेय उणे होत नाही, उलट ते नेमके कळते : नील कॅसडी या मित्राच्या धावत्या, वाक्यामागून वाक्य ढकलत नेणाऱ्या पत्रांतून आणि चार्ली पार्करच्या ‘बीबॉप’मधून, म्हणजे १९४० च्या दशकात हार्लेममध्ये घडलेल्या वेगवान, छोट्या वाद्यमेळाच्या जॅझमधून, त्याने गद्याची लय उचलली आणि श्वास संपेल तिथे वाक्य संपवायचे असा प्रयत्न केला. इतकी उत्स्फूर्तता साधायला रियाज लागतो. आपल्याकडच्या ख्यालगायकीच्या श्रोत्याला हे वेगळे समजावून सांगायला नको, पण साहित्याच्या समीक्षकांना मात्र ते बराच काळ पटले नाही.

गिन्सबर्गची वाट थोडी निराळी होती. वॉल्ट व्हिटमनची लांब ओळ, ज्यू प्रार्थनांतील आवर्तने आणि विल्यम कार्लोस विल्यम्सने दिलेला बोलभाषेचा धडा यांतून त्याने एका श्वासात म्हणता येईल एवढी ओळ हे कवितेचे माप ठरवले. ‘हाउल’च्या पहिल्या भागात अशा ओळींमागून ओळी एकाच संबंधी सर्वनामाने सुरू होतात, त्यामुळे हा संपूर्ण भाग व्याकरणदृष्ट्या जवळजवळ एकच वाक्य ठरतो, प्रत्येक ओळीत कुणा ना कुणा मित्राची फजिती, अटक, वेड किंवा मरण येते आणि वाक्य पुढे सरकते. कागदावर ही रचना अंगावर येते, कानाला मात्र ती चटकन पकडते. ७ ऑक्टोबर १९५५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर रस्त्यावरील ‘सिक्स गॅलरी’ या छोट्या चित्रदालनात तिचे पहिले जाहीर वाचन झाले. पूर्वी मोटारदुरुस्तीचे गॅरेज असलेल्या त्या जागेत केनेथ रेक्स्रॉथ सूत्रसंचालन करत होता. फिलिप लामांशिया, मायकल मक्लूअर, फिलिप व्हेलन आणि गॅरी स्नायडर यांनीही त्या रात्री वाचन केले. केरुआक स्वतः वाचायला उभा न राहता श्रोत्यांकडून पैसे गोळा करून वाइन आणण्याच्या कामगिरीवर होता. श्रोत्यांत बसलेल्या लॉरेन्स फर्लिंगेटीने गिन्सबर्गकडे हस्तलिखित मागितले.

फर्लिंगेटीने पीटर मार्टिन या भागीदारासह १९५३ मध्ये काढलेले ‘सिटी लाइट्स’ हे दुकान केवळ कागदी बांधणीची पुस्तके विकत असे. कागदी बांधणीचे पुस्तक तेव्हा औषधांच्या दुकानात नाहीतर बसस्थानकावर मिळे. प्रतिष्ठित ग्रंथविक्रेते त्याला फळीवर जागा देत नसत. या दुकानाने प्रकाशन सुरू केल्यावर ‘पॉकेट पोएट्स’ मालेतील चौथा क्रमांक म्हणून १९५६ मध्ये ‘हाउल अँड अदर पोएम्स’ काढले, काळ्या-पांढऱ्या मुखपृष्ठाचे, ७५ सेंट किमतीचे. ते इंग्लंडमध्ये छापून घेतले होते. या व्यावहारिक निर्णयाचे परिणाम कुणाच्याही कल्पनेत नव्हते, कारण परदेशातून येणारा छापील माल जकात खात्याच्या हातून जातो, आणि २५ मार्च १९५७ रोजी त्या खात्याने दुसऱ्या छपाईच्या ५२० प्रती अश्लील म्हणून अडवल्या. केंद्र सरकारच्या वकिलाने खटला भरायला नकार दिल्यावर त्या प्रती सुटल्या, पण जूनमध्ये शहर पोलिसांनी दुकानात साध्या वेशातील माणसे पाठवून पुस्तक विकत घेतले आणि गल्ल्यावरच्या शिगेयोशी मुराओला व पाठोपाठ फर्लिंगेटीला अटक केली. कवी या काळात देशाबाहेर होता आणि आरोपींत त्याचे नाव नव्हते. खटला चालला तो विक्रेत्यावर.

न्यायाधीश क्लेटन हॉर्न रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना बायबल शिकवत असत, आणि दुकानांतून वस्तू लांबवणाऱ्या स्त्रियांना ‘द टेन कमांडमेंट्स’ हा चित्रपट पाहून निबंध लिहिण्याची शिक्षा देऊन नुकतेच बातम्यांत आले होते. त्यामुळे बचाव पक्षाला आशा वाटावी असे फारसे काही नव्हते. तथापि त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रॉथ खटल्यात अश्लीलतेची नवी कसोटी घालून दिली होती. १८६८ च्या इंग्लंडमधील हिक्लिन कसोटीनुसार पुस्तकातील एखाद-दुसरा उतारा सुद्धा कच्च्या मनाला बिघडवू शकेल का, एवढेच पाहिले जाई. रॉथ निकालाने संपूर्ण कृतीचा सामान्य प्रौढ वाचकावर होणारा परिणाम हा निकष मानला आणि ज्या लेखनाला थोडेही सामाजिक मोल आहे त्याला संरक्षण दिले. बचावाच्या बाजूने नऊ जाणकारांनी साक्षी दिल्या. मुराओने पुस्तक वाचले असल्याचे सिद्ध न झाल्याने तो आधीच सुटला आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी हॉर्न यांनी फर्लिंगेटीला निर्दोष ठरवले. ‘ऑन द रोड’ बाजारात येऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. म्हणजे एकाच शरद ऋतूत कादंबरीचे परीक्षण आणि कवितेचा निकाल अशा दोन्ही बातम्या वाचकांसमोर आल्या. बरोजची ‘नेकेड लंच’ ही कादंबरी १९५९ मध्ये पॅरिसमध्ये निघाली व मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयात १९६६ मध्ये अश्लीलतेच्या आरोपातून सुटली. या साऱ्याचा विजयोत्सव करताना एक गोष्ट नोंदवायला हवी : खटल्याच्या पन्नासाव्या वर्षी, २००७ मध्ये, न्यूयॉर्कच्या एका पुरोगामी रेडिओ केंद्राला दंडाच्या धास्तीने ‘हाउल’ प्रक्षेपित करण्याचे धैर्य झाले नाही.

भारतीय वाचकाला इथे मुंबईतील एका समांतर प्रकरणाची आठवण व्हावी. ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकल्याबद्दल येथील एका पुस्तकाच्या दुकानाच्या भागीदाराला झालेली शिक्षा भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये कायम केली, तीही हिक्लिनचीच कसोटी लावून. सॅन फ्रान्सिस्कोतला विक्रेता सुटला आणि मुंबईतला दोषी ठरला, या एका फरकातून दोन्हीकडच्या बंडखोर प्रकाशनाच्या पुढील वाटा बऱ्याच अंशी उलगडतात.

खटल्याने मिळालेली प्रसिद्धी चळवळीला पचली असे म्हणता येत नाही. २ एप्रिल १९५८ रोजी हर्ब केन या सॅन फ्रान्सिस्कोच्या स्तंभलेखकाने, सोव्हिएत संघाचा ‘स्पुटनिक’ काही महिन्यांपूर्वीच आकाशात गेला होता त्याची शेपटी जोडून, ‘बीटनिक’ हा चेष्टेचा शब्द घडवला, आणि लवकरच बोकडदाढी, काळी टोपी व बोंगो ढोलकी असा तयार वेश जाहिरातींत आणि दूरचित्रवाणी मालिकांत दिसू लागला. ग्रीनिच व्हिलेजमध्ये तर श्रीमंतांच्या मेजवान्यांसाठी ‘बीटनिक’ भाड्याने पुरवण्याची जाहिरातही दिली गेली. समीक्षक नॉर्मन पॉडहोरेट्झने १९५८ मध्ये या लेखकांवर बुद्धिद्वेषाचा आणि हिंसेच्या आकर्षणाचा आरोप केला. त्याचा सूर कर्कश असला तरी आरोप सर्वस्वी निराधार नव्हता. बरोजने १९५१ मध्ये मेक्सिको सिटीत दारूच्या नशेत पत्नी जोन व्होल्मरला गोळी घातली आणि ती मरण पावली. या मृत्यूचा उल्लेख पुढच्या अनेक चरित्रांत लेखकाच्या प्रतिभेच्या जन्मकथेसारखा केला जातो. मारली गेलेली स्त्री या मंडळींच्या सुरुवातीच्या बैठकांत तल्लख सहभाग घेणारी होती, हे त्या कथेत राहून जाते.

स्त्रियांचा प्रश्न केवळ एका गुन्ह्यापुरता नाही. केरुआकच्या आईच्या पगारावर त्याची अनेक लेखनवर्षे निभावली. गिन्सबर्गच्या ‘कॅडिश’ या कवितेचे टंकलेखन करणारी एलिस काऊवन स्वतः कविता लिहीत होती, तिने १९६२ मध्ये आयुष्य संपवले आणि तिच्या वह्या बहुतांशी नष्ट केल्या गेल्या. जॉइस जॉन्सनने १९८३ मध्ये ‘मायनर कॅरेक्टर्स’ या आत्मकथनातून, पुरुषांच्या भटकंतीच्या वर्षांत नोकऱ्या करून भाडे भरणाऱ्या मुलींचे जग उभे केले. या चळवळीवरचे ते कदाचित सर्वांत समंजस पुस्तक आहे. डायन डी प्रिमाने मात्र छपाईयंत्र स्वतःच्या हाती घेतले आणि लिरॉय जोन्ससोबत ‘द फ्लोटिंग बेअर’ ही चक्रमुद्रित पत्रिका चालवली. पुढे अमीरी बराका हे नाव घेऊन कृष्णवर्णीय कलाचळवळीचा अग्रणी झालेला हाच जोन्स, तसेच बॉब कॉफमन आणि टेड जोन्स, हे काळे कवी बीटांच्या पहिल्या फळीत होते. तरीही केरुआकच्या कादंबरीतील गोरा निवेदक डेन्व्हरच्या काळ्या वस्तीतून फिरताना आपणही काळे असतो तर, असे हळहळतो तेव्हा त्या वस्तीचा त्याला पत्ताच लागलेला नाही, हे कादंबरीकार जेम्स बाल्डविनने कठोर शब्दांत दाखवून दिले.

‘प्रतिसंस्कृती’ म्हणजे प्रस्थापित संस्कृतीची मूल्ये नाकारून तिच्याशेजारी स्वतःची समांतर जीवनपद्धती उभारण्याचा सामूहिक प्रयत्न. थिओडोर रॉझॅकच्या १९६९ च्या ग्रंथाने ही संज्ञा रूढ केली. बीट लेखक ते हिप्पी असा सरळ वंशवृक्ष काढण्याचा मोह होतो, आणि त्याला आधारही मिळतात : ‘ऑन द रोड’चा नायक ज्याच्यावर बेतला तो कॅसडी १९६४ मध्ये कादंबरीकार केन केसीच्या रंगीबेरंगी बसचा चालक झाला, आणि १४ जानेवारी १९६७ च्या गोल्डन गेट पार्कमधील हिप्पींच्या प्रचंड मेळाव्यात गिन्सबर्ग व स्नायडर मंचावर होते. मात्र वारसा मागणाऱ्यांनी बीट लेखकांतून आपल्याला हवे तेवढेच निवडले होते. गिन्सबर्ग स्वतःला बदलत गेला. १९६५ च्या मे महिन्यात प्रागच्या विद्यार्थ्यांनी त्याला वसंतोत्सवाचा राजा केले व साम्यवादी सरकारने लगेच हाकलून दिले, तर १९६८ मध्ये शिकागोतील निदर्शनांत पोलिसांच्या लाठ्यांसमोर तो ओंकाराचा जप करत बसला. स्नायडर जपानमध्ये झेनची साधना करून परतला आणि त्याच्या कवितेने पर्यावरणाच्या चळवळीला शब्द पुरवले. केरुआकला मात्र हे सारे परके आणि देशद्रोही वाटले. कॅथलिक श्रद्धा, आई आणि दारू यांच्या आश्रयाने राहणारा हा लेखक दूरचित्रवाणीवर हिप्पींपासून अंग झटकून गेला आणि २१ ऑक्टोबर १९६९ रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी, फ्लोरिडात मरण पावला. ज्याच्या पुस्तकाने एका पिढीला घराबाहेर काढले, त्याच्याच मनात त्या पिढीविषयी जिव्हाळा नव्हता.

भारताशी आलेला संबंध १९६२ च्या फेब्रुवारीत सुरू झाला, जेव्हा गिन्सबर्ग आणि त्याचा जोडीदार पीटर ऑर्लोव्हस्की मोम्बासाहून बोटीने मुंबईला उतरले. १९६३ च्या मेपर्यंत त्यांचा मुक्काम मुख्यतः कोलकाता आणि वाराणसी येथे राहिला. ‘कृत्तिवास’ या बंगाली कवींच्या गटाचे सुनील गंगोपाध्याय व शक्ती चट्टोपाध्याय यांच्याशी गिन्सबर्गची मैत्री जुळली. बंगालीतील ‘हंग्री’ चळवळ त्याच्यामुळे जन्मली असे सर्रास लिहिले जाते, पण तिचे पहिले पत्रक त्याच्या आगमनापूर्वी, १९६१ च्या नोव्हेंबरात निघाले होते. या चळवळीतील कवी मलय रायचौधुरी यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, खालच्या न्यायालयाने दंड केला आणि १९६७ मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला.

मराठीबाबतही कालक्रम आधी पाहणे हिताचे आहे. मर्ढेकरांच्या कवितेवरील अश्लीलतेचा खटला ‘हाउल’च्या आधीचा, दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि त्यांच्या मित्रांचे ‘शब्द’ हे चक्रमुद्रित अनियतकालिक १९५४ चे, म्हणजे सिक्स गॅलरीतील वाचनाच्याही आधीचे. अशोक शहाणे यांचे ‘असो’ आणि राजा ढाले यांचे ‘येरू’ साठच्या दशकात निघाले तेव्हा अमेरिकन उदाहरण डोळ्यांसमोर होते हे खरे, परंतु त्यांचे लक्ष्य होते ते सत्यकथा आणि मौज यांच्याभोवती जमलेले पुण्या-मुंबईचे साहित्यविश्व. बंडाची भाषा शोधायला या कवींना परदेशी जाण्याची गरज नव्हती. कोलटकर आणि चित्रे या दोघांनी तुकारामाला इंग्रजीत नेले, तेव्हा देवाण-घेवाणीची दिशाही उलटी झाली. नामदेव ढसाळांच्या १९७२ च्या ‘गोलपिठा’ची तुलना ‘हाउल’शी वारंवार केली जाते, पण गिन्सबर्गचे मित्र ज्या तळाच्या जगाकडे अनुभवाच्या ओढीने गेले तिथेच ढसाळ वाढले, आणि त्यांच्या कवितेचे प्रकाशन व दलित पँथरची स्थापना एकाच वर्षी झाली. त्यामुळे शेवटच्या प्रकरणात कोणी कोणाचे अनुकरण केले हा वाद मुद्दाम टाळून, दोन्ही देशांतील छोट्या छापखान्यांचे खर्च, टपालाने होणारे वितरण, वाचनाच्या जागा आणि न्यायालयीन निकाल यांचीच मांडणी शेजारी-शेजारी केली आहे.